लहान भिंग, मोकळे क्षितिज

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



साठ वर्षांचा काळ मोजण्याच्या अनेक रीती आहेत. मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींनी तो मोजता येतो, शालान्त परीक्षेच्या निकालांनी मोजता येतो, आणि आकाशाकडे पाहण्याची सवय असेल तर धूमकेतूंनीही मोजता येतो. ऑक्टोबर १९६५ मध्ये इकेया-सेकी हा धूमकेतू सूर्याच्या इतक्या जवळून गेला की तो भर दिवसा सूर्याशेजारी दिसला. १९७३ च्या अखेरीस कोहूटेकने जगाची निराशा केली. १९७६ च्या मार्चमध्ये वेस्टने पहाटेच्या आकाशात ती भरून काढली. १९८६ साली हॅले येऊन गेला. पुढे १९९६ मध्ये ह्याकुताके, १९९७ मध्ये हेल-बॉप, २०२० च्या टाळेबंदीत निओवाइज, आणि २०२४ च्या नवरात्राच्या सुमारास त्सुचिनशान-ॲटलस. सभागृहातील ज्यांनी शाळकरी वयात, १९९७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, संध्याकाळी वायव्येकडे हेल-बॉप पाहिला असेल, त्यांची मुले आज याच वर्गांत बसण्याच्या वयाची आहेत.

या यादीतील काही नावांमागची माणसे पाहण्याजोगी आहेत. काओरू इकेया हा जपानमधील पियानोच्या कारखान्यात काम करणारा तरुण होता. त्सुतोमु सेकी गिटार शिकवीत असत. सप्टेंबर १९६५ मध्ये दोघांनी, एकमेकांना न कळवता, तो धूमकेतू जवळजवळ एकाच वेळी टिपला. युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ च्या अखेरीस त्यांच्या नावाचा धूमकेतू शोधला तो मोठ्या आकाराच्या बायनॉक्युलरने, म्हणजे मराठी खगोलप्रेमी जिला द्विनेत्री म्हणतात तिने. अवघ्या दोन महिन्यांत तो पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवर आला आणि त्याची शेपटी आकाशाचा मोठा भाग व्यापून गेली. यांपैकी कोणाचाही उदरनिर्वाह वेधशाळेवर चालत नव्हता.

मराठीत धूमकेतूला शेंडेनक्षत्र असा एक जुना, गोड शब्द आहे. शब्द गोड असला तरी शेंडेनक्षत्र उगवले की राजाचे मरण, दुष्काळ, साथ यांची चर्चा घरोघर सुरू होई. मात्र ही भीती म्हणजेच भारतीय परंपरा, असे समजणे अन्यायाचे ठरेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा अध्याय आहे. त्यात शुभाशुभ फलांची लांबलचक मांडणी आहे हे खरे. पण आरंभीच तो आचार्य कबूल करतो की केतूंचे उगवणे आणि मावळणे गणिताने आधी सांगता येत नाही. ग्रहणाचा क्षण वर्तवू शकणाऱ्या ज्योतिषाने दिलेली ही कबुली मोठी आहे. जे गणितात बसत नाही ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हेच सूत्र मराठी वाचकांच्या हाती दिले. 'भारतीय ज्योतिष' हा त्यांचा थोर ग्रंथ विद्वानांसाठी होता. पण 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक, ज्याला त्यांनी 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले, ते अंगणात उभे राहून वर पाहणाऱ्यांसाठी होते. दीक्षित पेशाने शाळामास्तर होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने लक्षात ठेवावी. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था. तिच्या मागे ही पूर्वपीठिका आहे.

आता बंगळुरूकडे वळू या. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांप्रमाणे या शाळेचेही अनेक विद्यार्थी नोकरीनिमित्त त्या शहरात स्थिरावले आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, धूमकेतू पाहण्यासाठी शहरातील माणसाने काय करावे, याचा सरळ धडा २०२४ साली तेथे मिळाला.

सी/२०२३ ए३ अशी नोंद असलेला तो धूमकेतू जानेवारी २०२३ मध्ये चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील ॲटलस दुर्बिणीने स्वतंत्रपणे शोधला. म्हणून त्याचे नाव जोडनाव. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याला सर्वांत जवळ, साधारण बुधाच्या अंतरावर आला. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. सप्टेंबरच्या अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत तो पहाटे पूर्वेला, सूर्याच्या जेमतेम तासभर आधी उगवत असे. त्या दिवसांत तो दक्षिणेकडे झुकलेला होता. त्यामुळे युरोपातील निरीक्षकांना जे जमेना ते तेरा अक्षांशांवरच्या बंगळुरूला जमले. हॅलेच्या वेळीही असेच घडले होते. एप्रिल १९८६ मध्ये तो पृथ्वीजवळून जाताना दक्षिण आकाशात इतका खोल होता की बंगळुरूला तो क्षितिजावर सुमारे ३० अंश चढे, पुण्याला त्याहून पाचसहा अंश कमी, आणि लंडनच्या क्षितिजावर तर येतच नसे.

पण अक्षांश अनुकूल असले म्हणून शहर अनुकूल होत नाही. बंगळुरूच्या रात्रीला आता काळोख उरलेला नाही. सप्टेंबरअखेरीस ढग असतात. धूमकेतू उगवे तो क्षितिजाशी, हाताची मूठ लांब धरली तर तिच्यात मावेल एवढ्याच उंचीवर. आणि क्षितिजाशी धूर, धूळ, इमारती. अशा वेळी निरीक्षकाला अगदी साध्या गोष्टी लागतात. आदल्या संध्याकाळी जाऊन पूर्व दिशा मोकळी असलेला तळ्याचा काठ किंवा उंच इमारतीची गच्ची हेरून ठेवायची. पहाटे साडेचारला तेथे पोहोचायचे. डोळे काळोखाला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाइलच्या पडद्याकडे पाहायचे नाही. टॉर्चवर लाल कागद बांधायचा. मग द्विनेत्रीने क्षितिजालगत डावीकडून उजवीकडे, थोडे वर सरकून पुन्हा उजवीकडून डावीकडे, शेत नांगरावे तसे आकाश पालथे घालायचे. असोसिएशन ऑफ बंगलोर ॲमॅच्युअर ॲस्ट्रॉनॉमर्स, बंगलोर ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी अशा हौशी मंडळींच्या संस्था त्या शहरात आहेत, १९८९ पासून जवाहरलाल नेहरू तारांगण आहे. ही शिस्त अशा ठिकाणी हातोहात शिकली जाते. सूर्योदयाच्या बरेच आधी द्विनेत्री खाली ठेवायची, हाही त्या शिस्तीचाच भाग. सूर्याचे बिंब चुकून भिंगात आले तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि पहाटेचा धूमकेतू शोधताना हा धोका अगदी शेजारी उभा असतो.

त्या पहाटांची बंगळुरूतील छायाचित्रे लाखो लोकांनी पाहिली. त्याच सुमारास इंद्रधनुषी रंगांच्या ढगांची छायाचित्रेही धूमकेतूच्या नावाने हातोहात फिरली. ते रंग सूर्यप्रकाश ढगातील सूक्ष्म थेंबांतून जाताना पसरल्यामुळे उमटतात; धूमकेतूशी त्यांचा काही संबंध नाही. तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची अशी फसगत होण्याचा संभव कमी. त्याने धूमकेतू आकाशाच्या कोणत्या भागात आहे हे नकाशावर पाहिलेले असते, आणि फिकट पांढऱ्या ठिपक्यामागची धूसर शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच वळलेली असली पाहिजे, हे त्याला ठाऊक असते.

द्विनेत्रीवर १०×५० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. धूमकेतूसाठी दुसरा आकडा अधिक मोलाचा, कारण प्रश्न मोठे दिसण्याचा नसून प्रकाश गोळा करण्याचा असतो. अशा द्विनेत्रीतून आकाशाचा सहा-सात अंशांचा तुकडा एका वेळी दिसतो. त्यात पौर्णिमेचे बारा चंद्र ओळीने मावतील. धूमकेतूचा गाभा काही किलोमीटरचा, पण त्याभोवतीचे वायू आणि धुळीचे आवरण, ज्याला कोमा म्हणतात, लाखभर किलोमीटर पसरते आणि शेपटी त्याहून कितीतरी लांब जाते. धुळीची शेपटी पिवळसर व किंचित वाकलेली, आयनांची निळसर आणि सरळ. असा विस्तीर्ण, विरळ पदार्थ पाहायला लहान भिंग आणि रुंद दृष्टिक्षेत्र हवे.

बंगळुरूच्या पूर्वेस होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण या केंद्रातून उपग्रहामार्फत चालवली जाते. त्या दुर्बिणीच्या मुख्य कॅमेऱ्याला आकाशाचा जो तुकडा दिसतो त्याची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांश आहे. धूमकेतूच्या गाभ्याजवळ कोणते वायू सुटत आहेत हे अशी दुर्बीण सांगेल. पूर्ण धूमकेतू मात्र तिच्यात मावणार नाही. एकूण तेजाचा अंदाज घेताना तर विचित्र प्रकार घडतो. दुर्बीण जितकी मोठी, तितका धूमकेतू मंद असल्याची नोंद होते, कारण मोठ्या भिंगातून पाहणाऱ्याच्या नजरेतून कोमाचा बाहेरचा विरळ भाग निसटतो. हा परिणाम निरीक्षकांना पूर्वापार माहीत आहे, आणि म्हणून धूमकेतूच्या एकूण तेजाच्या नोंदींसाठी, तो तेजस्वी असेल तेव्हा, नुसता डोळा आणि द्विनेत्री हीच योग्य साधने मानली जातात. लहान साधन येथे गरिबाची सोय म्हणून वापरले जात नाही, कामाला तेच लागते म्हणून वापरले जाते.

तेज मोजण्याची रीत तर कोणत्याही आठवीच्या विद्यार्थ्याला शिकवता येईल. तारा ठिपक्यासारखा असतो आणि धूमकेतू डागासारखा, म्हणून त्यांची थेट तुलना होत नाही. निरीक्षक आधी धूमकेतूचा डाग नीट पाहून त्याचा आकार व तेज मनात ठेवतो. मग ज्याची प्रत ठाऊक आहे अशा ताऱ्याकडे द्विनेत्री वळवून तिचा फोकस मुद्दाम बिघडवतो, इतका की तारा पसरून धूमकेतूएवढा डाग होईल. दोन्ही डाग सारखे उजळ वाटले तर त्या ताऱ्याची प्रत हीच धूमकेतूची प्रत. एक तारा अधिक तेजस्वी आणि एक मंद वाटला, तर उत्तर दोहोंच्या मध्ये. मग वहीत तारीख, वेळ, ठिकाण, साधन, तुलनेचे तारे, ढग आणि धुके यांची स्थिती लिहायची. दुसऱ्याने काय नोंदवले हे त्याआधी पाहायचे नाही. हा नियम सर्वांत कठीण आहे. शेजारच्या बाकावरील उत्तर पाहून लिहिण्याचा मोह परीक्षेच्या खोलीत असतो तसा गच्चीवरही असतो, फक्त तेथे पर्यवेक्षक नसतो.

अशा नोंदींना मोल आहे, कारण धूमकेतूंच्या भविष्याबाबत मोठेही चुकतात. कोहूटेकला शतकातला सर्वश्रेष्ठ धूमकेतू म्हणून आधीच गौरवून झाले होते. आयसॉनची तशीच वाट पाहिली गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सूर्याला वळसा घालताना तो विरून गेला. उलट त्सुचिनशान-ॲटलसविषयी जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या नामवंत अभ्यासकाने शोधनिबंध लिहून तो सूर्याजवळ पोहोचण्याआधीच फुटेल असे वर्तवले. त्याची कारणे सबळ होती, तेजाचा आलेख खरोखरच मंदावला होता. धूमकेतू फुटला नाही. सेकानिनांची थट्टा करण्याचे काही कारण नाही; त्यांनी अंदाज लेखी मांडला, म्हणून तो ताडून पाहता आला. ताडून पाहण्याचे काम त्या सप्टेंबरात जगभरच्या हौशी निरीक्षकांनीही केले. ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतू सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या बाजूस आला, त्याच्या धुळीतून सूर्यप्रकाश थेट पृथ्वीकडे विखुरला आणि तो शुक्राएवढा उजळला. पण सूर्याच्या इतका निकट होता की ते तेज सोहो या अवकाशयानाच्या कॅमेऱ्यालाच नीट दिसले. त्यानंतर तो संध्याकाळी पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या दरम्यान, दिसू लागला. नेमक्या त्याच दिवसांत बंगळुरूला पावसाने झोडपले. पहाटे आळस केलेल्यांना संध्याकाळने दाद दिली नाही.

साध्या द्विनेत्रीपासून बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेपर्यंत जाणारा एक धागा मात्र फार जुना आहे, आणि शाळेच्या सभागृहात तो उलगडायलाच हवा. जेसोर, म्हणजे आजच्या बांगलादेशातील गाव. तेथील राधागोविंद चंद्र या मुलाने शाळेत अक्षयकुमार दत्त यांच्या 'चारुपाठ' या पुस्तकातील विश्वाच्या विस्ताराविषयीचा पाठ वाचला आणि त्याला आकाशाचे वेड लागले. प्रवेश परीक्षेत तो तीन वेळा नापास झाला. सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची अल्प पगाराची नोकरी त्याने पत्करली. १९१० साली हॅले आला तेव्हा चंद्र यांच्याजवळ एक लहान द्विनेत्री होती. तिने त्यांनी धूमकेतू पाहिला, पाहिलेले लिहून काढले आणि प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यांनी तीन इंची दुर्बीण विलायतेहून मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा उजळला, तो त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला आणि कळवला. रूपविकारी ताऱ्यांच्या त्यांच्या नोंदी पुढे ३७,००० च्या वर गेल्या. त्या नोंदी ज्या अमेरिकन संस्थेकडे जात, तिने १९२६ साली त्यांना वापरण्यासाठी सहा इंची दुर्बीण पाठवली.

ही दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे, नैनितालला गेली, आणि अखेर तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. बाप्पूंनी स्वतः हैदराबादेत विद्यार्थिदशेत रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी केल्या होत्या. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना एका छायाचित्रपट्टीवर त्यांना अनोळखी धूसर रेघ दिसली; तो नवा धूमकेतू निघाला आणि बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने नोंदला गेला. त्याबद्दल त्यांना डोनोहो पदक मिळाले. त्याच बाप्पूंनी भारतीय खगोलभौतिकी संस्था बंगळुरूत उभी केली आणि कावलूरला २.३४ मीटरच्या दुर्बिणीचे काम हाती घेतले. ते पूर्ण होण्यापूर्वी, १९८२ मध्ये, ते वारले. जानेवारी १९८६ मध्ये त्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा हॅलेचा धूमकेतू सूर्याकडे निघालेला होता. खजिन्यातील नाणी पारखणाऱ्याची सहा इंची दुर्बीण आणि देशाची तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण एकाच टेकडीवर यावी, हा योग कोणाला योगायोग वाटेल तर वाटो.

येथे शाळेच्या व्यवहाराचा प्रश्न येतो. महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी शाळेला काही देऊ इच्छितात आणि मोठ्या, चकचकीत दुर्बिणीचा विषय बहुधा निघतो. हेतू उदात्त असतो. परंतु शाळाशाळांतील अनुभव असा की, उद्‍घाटनाच्या रात्री चंद्र आणि शनी दाखवून झाले की ती दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात जाते. ती बाहेर काढायला दोन माणसे लागतात, जुळवायला एक जाणकार लागतो, आणि पहाटे साडेचारला शाळेत जाणकारही नसतो आणि किल्लीही नसते. तेवढ्याच पैशांत १०×५० च्या बऱ्याच द्विनेत्री, काही साध्या तिपाया आणि तारानकाशे येतील. ग्रंथालयातील पुस्तकासारखी द्विनेत्री नावावर लिहून आठवडाभर घरी न्यावी, पालकांनी सही करावी, सोबत वही असावी. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून पावसाळ्यात ती डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी लागेल. हे काम ज्या शिक्षकाकडे दिले जाईल त्याच्या तासिकांतून तेवढी सूट द्यावी लागेल. पालकांना पहाटेची झोप मोडावी लागेल. द्विनेत्री पडतील, एखादी हरवेलही. त्याची तरतूद आधीच धरावी.

हॅले जुलै २०६१ मध्ये पुन्हा सूर्याजवळ येईल. या वर्षी सहावीत असलेली मुले तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची असतील. तोपर्यंत मध्ये कोणते धूमकेतू येतील, हे वराहमिहिराप्रमाणेच आजही कोणी सांगू शकत नाही. काही महिने आधी कळले तर पुष्कळ. म्हणून वह्या आधी तयार हव्यात. वहीत सात रकाने पुरेत: तारीख, वेळ, ठिकाण, साधन, तुलनेचे तारे, अंदाजित प्रत, आकाशाची स्थिती. ज्या दिवशी काही दिसले नाही त्या दिवसाची ओळही भरायची, आणि शेवटच्या रकान्यात 'ढग' असे लिहायचे.